कानाचं मशीन, कर्ण्यापासून चिपपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासायच्या, खोलीत पेशंट हेडफोन लावून बसलेला असतो. बारीक ‘टीं’ ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम. बाहेरच्या बाकावर मुलगा, सून, कधी नातू बसलेले असतात, आणि खरे प्रश्न त्यांच्याकडून येतात. वीसेक वर्षं हे काम करते आहे. प्रश्न फारसे बदलले नाहीत, मशीनं मात्र पार बदलली. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

मशीन निघण्याआधी कमी ऐकू येणारी माणसं काय करायची?

कानामागे हाताचा पंजा धरायची. आजही धरतात, आणि ती युक्ती खोटी नाही. समोरचा आवाज थोडा वाढतो, मागचा थोडा अडतो. त्याचंच पुढचं रूप म्हणजे कर्णा: रुंद तोंड बोलणाऱ्याकडे, निमुळतं टोक कानात. युरोपात सतराव्या शतकापासून असे कर्णे दिसतात. बीथोवनसाठी कर्णे केले ते योहान मेल्झेलनं, मेट्रोनोमसाठी, म्हणजे संगीतात ताल धरून टिकटिकणाऱ्या यंत्रासाठी, ज्याचं नाव घेतलं जातं तोच. लंडनमध्ये एफ. सी. राइननं १८०० साली कर्ण्यांचा रीतसर धंदा सुरू केला.

राइनची सगळ्यात गमतीची वस्तू म्हणजे खुर्ची. पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव, म्हणजे त्या काळचा गोव्याचाही राजा, कानानं अधू होता. त्याच्यासाठी १८१९ च्या सुमारास केलेल्या सिंहासनाचे हात आतून पोकळ होते आणि टोकाला जबडा उघडलेले कोरीव सिंह होते. आलेल्या माणसानं गुडघ्यावर बसून सिंहाच्या तोंडात बोलायचं. आवाज हातांतून बैठकीत जायचा आणि तिथून नळीनं राजाच्या कानात. राजाला ऐकू येत नाही याची लाज दरबाऱ्यांनी गुडघे टेकून भरायची!

कर्ण्यानं आवाज दहा-वीस डेसिबल वाढायचा. थोडंसं कमी ऐकू येणाऱ्याचं त्यात भागायचं, ठार बहिऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

कानाचं मशीन ग्रॅहम बेलनं शोधलं ना?

नाही. त्याची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हतं, तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता आणि आवाज मोजायच्या ‘डेसिबल’मधला ‘बेल’ त्याच्याच नावाचा. १८७६ साली पेटंट मिळालेल्या त्याच्या टेलिफोनशिवाय पुढचं काही घडलं नसतं हेही खरं. पण कानाचं मशीन त्याचं नव्हे.

मग विजेवर चालणारं पहिलं मशीन कोणाचं?

अमेरिकेतल्या अलाबामाच्या मिलर रीझ हचिसनचं. १८९८ साली त्यानं ‘अकूफोन’ केला. तो टेबलावर ठेवायचा प्रकार होता. काही वर्षांत सोबत नेता येईल असा ‘अकूस्टिकॉन’ आला. आत टेलिफोनसारखाच कार्बनचा माइक. एका डबीत कार्बनची भुकटी भरलेली असते. आवाजाच्या लाटांनी ती दाबली-सुटली की तिच्यातून जाणारा वीजप्रवाह कमी-जास्त होतो, आणि तोच प्रवाह कानाशी धरलेल्या रिसीव्हरमधून आवाज होऊन बाहेर पडतो. भुकटी गोळा होऊन बसली की माइक मंद व्हायचा, मग डबीला टिचकी मारायची. सतत खरखर असायची. तरी कर्ण्याच्या मानानं ही जादूच होती.

इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा कानानं अधू होती. १९०२ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास तिनं हचिसनचं यंत्र वापरलं आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. ते वाचून डेन्मार्कचा हान्स डेमांट आपल्या बायकोसाठी यंत्र आणायला निघाला. १९०४ साली त्यानं सुरू केलेला व्यवसाय म्हणजे आजची ओटिकॉन ही कानाच्या मशीनची कंपनी. या धंद्यातली बरीच मोठी नावं डॅनिश का, याचं थोडंफार उत्तर त्या प्रवासात आहे.

जाता जाता: मोटारींचा कर्कश ‘क्लॅक्सन’ हॉर्नही याच हचिसनचा. आधी लोकांचे कान बसवायचे आणि मग त्यांना मशीन विकायचं, अशी थट्टा तेव्हा व्हायची. पुढे तो एडिसनचा मुख्य इंजिनिअर झाला, आणि एडिसनलाही कमी ऐकू यायचं.

जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या कानाच्या मशीनमध्येही होत्या म्हणतात, खरं का?

खरं. १९२० नंतर व्हॅक्यूम ट्यूबची यंत्रं आली. कार्बनपेक्षा आवाज पुष्कळ वाढायचा आणि स्वच्छही यायचा. पण ट्यूबला दोन बॅटऱ्या लागतात: एक आतली तार तापवायला, दुसरी जास्त व्होल्टेजची, प्रवाह ओढायला. पहिली यंत्रं हातात पेटी घेऊन फिरण्यासारखी होती. १९३० च्या दशकाच्या शेवटी ट्यूब बारीक झाल्या, तेव्हा यंत्र अंगावर वागवता येऊ लागलं. अंगावर म्हणजे छातीशी यंत्र आणि मांडीला किंवा कमरेला बांधलेला बॅटऱ्यांचा गठ्ठा. १९४८ साली ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं ‘मेड्रेस्को’ नावाचं असं यंत्र लोकांना फुकट द्यायला सुरुवात केली.

ट्रान्झिस्टर आधी रेडिओत आला असेल ना?

आपल्याकडे ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजेच रेडिओ, त्यामुळे सगळ्यांना तसंच वाटतं. पण मान कानाच्या मशीनचा आहे. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. दुकानात मिळणारी ट्रान्झिस्टरची पहिली वस्तू म्हणजे डिसेंबर १९५२ चं ‘सोनोटोन १०१०’ हे कानाचं मशीन, किंमत सव्वादोनशे डॉलरच्या आत-बाहेर. त्यात दोन ट्यूब आणि एकच ट्रान्झिस्टर होता. खिशातला रेडिओ १९५४ साली आला.

कानाचं मशीन पुढे जाण्यामागे कारणं होती. बॅटरीचा खर्च हे वापरणाऱ्याचं मोठं दुखणं होतं, आणि ट्रान्झिस्टर तार तापवायला वीज मागत नाही. शिवाय बेलच्या स्मरणार्थ कानाच्या मशीनसाठी बेल लॅब्जच्या कंपनीनं पेटंटचे पैसे घेतले नाहीत. दोन-तीन वर्षांत ट्यूब मोडीत निघाल्या.

पण सुरुवातीला फजितीही झाली. पहिल्या ट्रान्झिस्टरना दमट हवा सोसत नव्हती, आणि अंगाजवळच्या वस्तूला घाम तर लागणारच. मशीनं पटापट बंद पडायची. कोकणातून येणारे पेशंट पावसाळ्यात हीच तक्रार घेऊन येतात तेव्हा मला सत्तर वर्षांपूर्वीचे ते इंजिनिअर आठवतात. पुढची उडी चिपची. ती शोधणाऱ्यांपैकी जॅक किल्बी आधीच्या नोकरीत कानाच्या मशीनचीच सर्किटं करत होता, आणि सामान्य ग्राहकाच्या हाती आलेली चिपची पहिली वस्तू म्हणजे १९६४ चं एक कानाचं मशीन.

आजोबांच्या ट्रंकेत वायरवाली डबी सापडली. अजून चालेल का?

पेन्सिल सेल घालून बघा, वायर तुटली नसेल तर बहुधा चालेल. आम्ही त्याला पॉकेट मॉडेल म्हणतो. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, वर माइकची जाळी, आवाजाची चकती, एक लहान बटण. तिथून निघालेली वायर थेट कानातल्या मोल्डपर्यंत, म्हणजे कानाच्या मापानं घडवलेल्या बोंडापर्यंत.

बाहेरच्या देशांतून ही डबी गेल्यावरही आपल्याकडे कितीतरी वर्षं टिकली. सेल कुठल्याही टपरीवर मिळायचा. थरथरत्या बोटांना चकती फिरवता यायची. वायर तुटली तर रेडिओ दुरुस्त करणारा डाग देऊन द्यायचा. आणि जोर भरपूर, त्यामुळे फारच कमी ऐकू येणाऱ्यालाही काहीतरी पोचायचं. सरकारी शिबिरांतून वर्षानुवर्षं हीच वाटली गेली.

दोष एकच, पण मोठा: तिचा कान छातीवर. माझ्या मामांकडे होती. खादीचा शर्ट घातला की कापड घासल्याची खसखस त्यांना दिवसभर ऐकू यायची. पोस्टमन त्यांच्याशी बोलताना वाकून थेट खिशाशी बोलायचा, आणि मामा त्याच्या टाळूकडे बघून उत्तर द्यायचे. घरात वाद सुरू झाला की मामांचा हात सावकाश खिशाकडे जायचा आणि चकती शून्यावर. मामी म्हणायची, “झाले बंद.”

बटणावर ‘टी’ असं अक्षर असेल तर ते टेलिफोनसाठी. आत तारेचं बारीक वेटोळं असतं, ते रिसीव्हरचं चुंबकीय क्षेत्र पकडतं, म्हणजे आजूबाजूचा गोंगाट येत नाही. ही सोय आजच्याही बऱ्याच मशीनमध्ये आहे, कोणी वापरत नाही.

चष्म्यात बसवलेलं मशीन असायचं का?

हो, १९५० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत त्याची मोठी फॅशन होती. काडीच्या जाडीत सगळं लपलेलं. चष्मा दुरुस्तीला गेला की माणूस एकदम दोन्हींकडून अधू. कानामागे बसणारं मशीन त्याच सुमाराचं, आणि टिकलं ते.

कानात पूर्ण लपणारं मशीन जास्त चांगलं असतं का?

दिसत नाही, एवढंच त्याचं चांगलं. कानाच्या मापाचं कवच घडवून आत सगळं बसवायची पद्धत आधीपासून होती. १९८३ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन कानात मशीन घालून लोकांसमोर आले आणि मागणी एकदम वाढली. पण मशीन लहान म्हणजे सेल लहान आणि जोरही मर्यादित. मळ आणि घाम थेट आत. साखरपुड्याआधी आलेल्या मुलीला मी हे मशीन कौतुकानं देईन. ऐंशी वर्षांच्या, बोटांना संवेदना कमी असलेल्या आजींना नाही.

आवाज मोठा करूनही शब्द का कळत नाहीत? आणि डिजिटलनं नेमकं काय बदललं?

सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगते.

“ऐकू येतं हो, पण कळत नाही,” असं दहातले आठ जण म्हणतात. कानाच्या आत कॉक्लिआ नावाचा इवलासा शंख असतो. त्यात केसांसारख्या पेशी ओळीनं बसलेल्या असतात. दाराजवळच्या पेशी बारीक, तीक्ष्ण आवाजांसाठी, आतल्या जाड आवाजांसाठी. वयानं आणि गोंगाटानं झिजतात त्या बहुतेक वेळा दाराजवळच्या. आता भाषेकडे बघा. ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ जाड आणि दणदणीत असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ बारीक आणि हलके. म्हणजे शब्दाचं अंग ऐकू येतं, कडा जातात. भाजीवाली ‘साठ’ म्हणते, आजोबा ‘आठ’ ऐकतात आणि दहाची नोट पुढे करतात. ‘सहा वाजता’चं ‘चहा’ होतं. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी हातचे जातात, तेही याचमुळे. “बायकोचं तेवढं ऐकू येत नाही” यावर सगळे हसतात, पण त्यात त्या माणसाचा दोष नसतो. असलाच तर थोडा.

दुसरी गोष्ट. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र पूर्ण मोठा वाटतो. म्हणून पुन्हा पुन्हा विचारणारे आजोबा, आपण जरा चढ्या आवाजात बोललो की “ओरडतोस कशाला?” म्हणून चिडतात. ऐकू येण्याची आणि सहन होण्याची पातळी एकमेकींच्या जवळ आलेली असते. जुनं मशीन सगळ्याला सरसकट फुगवायचं: ‘स’लाही, ‘आ’लाही, पडलेल्या ताटालाही. ताट पडलं की माणूस मशीन काढून फेकायचा.

म्हणजे कर्ण्यापासून पॉकेट मॉडेलपर्यंतची सगळी धडपड आवाज वाढवायची आणि वस्तू लहान करायची. शब्द कळावा ही धडपड फार उशिरा आली. अमेरिकेत एडगर व्हिल्चर नावाच्या, स्पीकर बनवण्यात नाव कमावलेल्या माणसानं १९७३ मध्ये एक उपाय मांडला. आवाजाचे जाड-बारीक पट्टे वेगळे करायचे. प्रत्येक पट्ट्यात हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा आवाज कमी वाढवायचा. त्यानं पेटंट घेतलं नाही, मुद्दाम सगळ्यांना खुलं ठेवलं. आजच्या जवळपास प्रत्येक मशीनच्या पोटात ही कल्पना आहे.

ती नीट राबवायला हिशेब करणारी चिप हवी होती. १९८७ साली अंगावर डबी बाळगायचं एक डिजिटल यंत्र अमेरिकेत आलं आणि चाललं नाही: अवजड, बॅटरी खाणारं. १९९६ च्या सुमारास ओटिकॉन आणि वायडेक्स या दोन डॅनिश कंपन्यांची पूर्ण डिजिटल मशीनं आली, कानामागे आणि कानात मावणारी, आणि तिथून धंदा फिरला. त्याआधी माझे वरिष्ठ मशीनच्या पाठीवरचे इवले स्क्रू पेचकसानं फिरवून अंदाजानं आवाज बसवायचे. आता ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, कॉम्प्युटरवर असतो, आणि अमुक पट्ट्यात किती वाढवायचं ते मी पेशंटसमोर बसून ठरवते.

एक प्रसंग. साठीच्या बाई, घरी शिवणकाम करणाऱ्या. जुनं अॅनालॉग काढून डिजिटल लावलं. बोलता बोलता थबकल्या, इकडेतिकडे बघायला लागल्या. “काहीतरी वाजतंय.” मशीन शिट्टी देतंय का म्हणून मी तपासलं. नव्हतं. त्यांनी पदर सावरायला हात उचलला आणि दोघींच्या लक्षात आलं. त्यांच्याच काचेच्या बांगड्या होत्या.

जुनं मशीन शिट्टी का मारायचं?

कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येतो, माइक तो पुन्हा पकडतो, पुन्हा वाढवतो. मंगल कार्यालयात माइक स्पीकरसमोर नेला की किंचाळतो, तसंच. उपाय एकच होता, मोल्ड घट्ट बसवायचा. मग स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. डिजिटल चिप शिट्टीची चाहूल ओळखून तिच्या उलट लाट सोडते आणि ती मारते. त्यामुळे २००० नंतर कान उघडा ठेवणारे, बारीक वायरीचे आणि मऊ टोपीचे प्रकार निघाले. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतली सगळ्यात दिलासा देणारी सुधारणा ही.

सेलवालं घ्यावं की चार्जिंगवालं?

पूर्वी बटणाएवढे पाऱ्याचे सेल असायचे. १९७० च्या दशकाच्या शेवटी झिंक-एअर आले, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन चालतात. म्हणून त्यांच्यावर स्टिकर असतो. स्टिकर काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग सेल घाला. एकदा काढलेला स्टिकर परत लावून सेल वाचत नाही. रंगावरून आकार ओळखा: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. २०१६ च्या सुमारास लिथियम-आयनची चार्जिंगवाली रुळायला लागली, रात्री डबीत ठेवायची आणि दिवसभर वापरायची. बोटं साथ देत नसतील तर हीच घ्या. गावात रात्र-रात्र वीज जात असेल तर सेलवालं.

पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय सगळे सांगतात. तांदळाची पूड मशीनच्या छिद्रात जाते. सिलिका जेलची डबी आणा.

‘एआय’वालं मशीन म्हणजे जाहिरातबाजी का?

अर्धी जाहिरातबाजी, अर्धं खरं. आधीची मशीनं दोन माइक वापरून समोरचा आवाज धरायची आणि मागचा दाबायची. २०२१ पासून आलेल्या काही मशीनमध्ये असंख्य आवाजांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क आहे, ते गोंगाटातून बोलणं वेगळं काढायचा प्रयत्न करतं. हॉटेलात, लग्नात फरक जाणवतो. पण मेलेल्या पेशी त्यानं परत येत नाहीत, आणि बँड वाजत असताना शेजारच्याचं बोलणं तुम्हाआम्हालाही कळत नाही.

एका कानाचं साधं डिजिटल पंधरा-वीस हजारांपासून मिळतं, वरच्या दर्जाची जोडी काही लाखांत जाते. आजी दिवसभर घरात टीव्ही आणि चार माणसांत असतील तर मधल्या दर्जाचं पुरतं. राहिलेले पैसे दुसऱ्या कानाच्या मशीनला लावा. आवाज कोणत्या बाजूनं आला हे कळायला दोन कान लागतात, रस्ता ओलांडताना तेच कामी येतं.

ऑनलाइन दीड हजाराला मिळतं ते आणि इअरबड चालतील का?

दीड हजाराचं बहुतेक वेळा नुसतं अॅम्प्लिफायर असतं, पॉकेट मॉडेलचा नातू. सगळं सरसकट मोठं, आणि कमाल आवाजाला लगाम नसेल तर उरलेल्या कानालाही धोका. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून हलक्या आणि मध्यम बहिरेपणासाठी मोठ्या माणसांना चिठ्ठीशिवाय मशीन विकायला नियमानं परवानगी मिळाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अॅपलच्या इअरबडमधल्या अशा सोयीलाही. तिकडून मुलानं पाठवलेले इअरबड घेऊन येणारे आईवडील आता मला भेटतात. ते टाकाऊ नाहीत. पण आधी कान तपासा. कानात मळाचा बोळा असेल तर मशीन लागणारच नाही. एकाच कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर इअरबड शोधत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे आणखी जोरदार मशीन का?

नाही. मशीन आवाज वाढवून कानालाच देतं. इम्प्लांट झिजलेल्या पेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे संकेत देतं, आणि त्याला ऑपरेशन लागतं.

सरकारी मदत मिळते का?

मिळते. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून मशीनं येतात, आणि आता त्यात कानामागची डिजिटल असतात. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची, तिथे तपासणीही होते. गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना उपकरणांसाठी ३,००० रुपये खात्यात जमा करायची तरतूद आहे, त्या यादीत श्रवणयंत्र आहे. तेवढ्यात चांगलं मशीन येत नाही, पण वर्षभराचे सेल येतात. मशीनवर जीएसटी नाही, कोणी लावला तर विचारा. आणि मशीन बसवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, तेही विचारा.

एवढं महागाचं मशीन घेतलं, आणि आई ते कपाटात ठेवते. काय करू?

आईवर चिडू नका. कितीतरी वर्षं मेंदूनं फ्रिजची घरघर, पंखा, भांड्यांचा आवाज ऐकलेला नसतो. एकदम सगळं अंगावर येतं. पहिले आठ दिवस घरातच, एक-दोन तास, एकाच माणसाशी बोलताना लावू द्या. मग टीव्ही. मग स्वयंपाकघर. बाजार आणि लग्न महिन्याभरानं. पंधरा दिवसांनी आईला घेऊन परत या, आणि काय टोचतं, काय कर्कश लागतं ते तिलाच सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. येताना मशीन डबीसकट आणा. निम्मे लोक ते घरीच विसरून येतात.